क्रमांकांची सरोवरे



कॅनडातील ओंटारियो प्रांताच्या वायव्य अरण्यात १९६८ साली एक संशोधन केंद्र सुरू झाले. तेथील ५८ लहान सरोवरे केवळ प्रयोगांसाठी राखलेली आहेत. बहुतेकांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. बर्फ वितळले की अभ्यासक तेथे मुक्कामास येतात. मासे जाळ्यात धरून मोजतात, खूण करून पुन्हा पाण्यात सोडतात. काम तसे कंटाळवाणेच.

२२३ क्रमांकाच्या सरोवरात १९७६ पासून हळूहळू आम्ल मिसळले गेले. मोठे ट्राउट मासे थेट आम्लाने मेले नाहीत. त्यांचे भक्ष्य असलेले बारके जीव आधी नाहीसे झाले आणि ते उपासमारीने वाळत गेले. पुढे २००१ ते २००३ या तीन उन्हाळ्यांत २६० क्रमांकाच्या सरोवरात गर्भनिरोधक गोळ्यांतील संप्रेरक सोडण्यात आले, तेही लिटरला अवघे पाच-सहा नॅनोग्रॅम. नरांच्या देहात अंड्याच्या बलकाचे प्रथिन तयार होऊ लागले आणि लहान माशांची एक जात जवळजवळ संपली. संप्रेरक थांबल्यावर काही वर्षांनी ती पुन्हा वाढली. आधीच्या आणि शेजारच्या सरोवरांच्या नोंदी हाताशी नसत्या, तर यातले काहीच ठामपणे सांगता आले नसते.

२०१२ मध्ये तेथील संघराज्य शासनाने हे केंद्र बंद करण्याचे ठरविले. शास्त्रज्ञ आणि नागरिक विरोधात उभे राहिले. वर्गणीवर चालणाऱ्या ग्रंथालयास ती धडपड परकी वाटू नये. २०१४ मध्ये एका स्वतंत्र संस्थेने केंद्राचा भार उचलला आणि माशांची मोजणी पुढे चालू राहिली.