सिगारेट सोडताना : आम्हा पाच जणांचा अनुभव

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या व्यासपीठावर केलेले भाषण)



मंडळाने बोलायला सांगितले तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हणालो. या व्यासपीठावर मोठे वक्ते येऊन गेले आहेत. आम्ही डॉक्टर नाही की समाजसेवक नाही. राज्य सरकारच्या एका खात्यात काम करणारे, बहुतेक डिप्लोमा करून नोकरीला लागलेले पाच जण. साइटवर जायचे, मोजमापे घ्यायची, बिले तयार करायची, हेच आमचे काम. तिघे बेळगावचे, दोघे निपाणीकडचे. बोलणारा एक असला तरी बोलणे पाचांचे आहे, म्हणून 'आम्ही' म्हणतो आहे.

सिगारेट सोडायची असे आमचे ठरून दोन वर्षे होत आली होती. ती दोन वर्षे नुसती कचरण्यात गेली. सिगारेट वाईट असते हे या सभागृहात सगळ्यांना माहीत आहे, ते सांगायला आम्ही आलो नाही. माहीत असूनही माणूस का कचरतो आणि ते कचरणे आमचे कसे गेले, एवढेच सांगायचे आहे.

पहिली सिगारेट आम्हाला कोणी दिली? मित्रानेच. आमच्यातल्या तिघांचा पहिला झुरका तर गणपतीच्या मंडपामागे झाला. अकरावी-बारावीचे वय, रात्रीची राखण, पत्त्यांचा डाव, आणि कोणीतरी थोरल्याने पुढे केलेली अर्धी सिगारेट. नाही म्हटले असते तर 'लहान आहेस अजून' असे ऐकावे लागले असते. पुढे नोकरी लागली आणि ऑफिसबाहेरची टपरी आली. सकाळी अकरा आणि दुपारी चार, या दोन वेळा आम्ही सगळे तिथे. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे. आमच्या ऑफिसातही तसा बोर्ड आहे. तो बोर्ड भिंतीला लावताना उभे असलेले आम्ही, काम झाल्यावर इमारतीच्या मागे जाऊन ओढायचो.

आता कचरण्याविषयी. नंतर एकमेकांशी बोलताना कळले की पाचही जणांनी पूर्वी सोडून बघितली होती. कोणी दोनदा, कोणी चारदा. पण प्रत्येकाने गुपचूप. कोणाला सांगितले आणि जमले नाही तर टपरीवर वर्षभर चेष्टा होणार. शिवाय सिगारेट सोडायची म्हणजे टपरी सोडायची, आणि टपरी सोडायची म्हणजे दिवसातल्या त्या दोन मोकळ्या गप्पा सोडायच्या. ते मन होत नव्हते. मग आम्ही सोयीचा मार्ग काढला. श्रावणात सोडायची, गणपतीत बाप्पासमोर मनातल्या मनात शब्द द्यायचा आणि विसर्जन करून कपिलेश्वर तलावावरून परत येताना पुन्हा पेटवायची. शब्द मोडला की मन खट्टू व्हायचे, आणि त्यावर आणखी एक ओढायची.

निपाणीकडच्या दोघांची अडचण वेगळी होती. ज्या गावात हवेलाच तंबाखूचा वास, ज्या घरात तंबाखूच्या पैशावर शिक्षण झाले, तिथे तंबाखूला नावे कशी ठेवायची? हे बोलून दाखवायलाही त्यांना संकोच वाटे.

बदल झाला तो आमच्या ड्रायव्हर मामांमुळे. मामा आमच्यात वयाने सगळ्यांत मोठे. त्यांच्या छातीत दुखले, अँजिओप्लास्टी झाली, दीड महिन्याने कामावर हजर झाले. चार वाजता सवयीने टपरीवर आले. त्यांना बघताच आम्ही चौघांनी हातातल्या सिगारेटी पाठीमागे नेल्या. मामा हसले. म्हणाले, "लपवता कशाला? मला पण एक द्या." कोणी दिली नाही. बराच वेळ कोणी बोललेही नाही. मग आमच्यातला एक जण हळूच म्हणाला, "मी तीनदा सोडून बघितली, जमंना." दुसरा म्हणाला, "मी पण." तेवढ्यावर ती संध्याकाळ संपली. इतकी वर्षे शेजारी उभे राहून ओढत होतो, पण हे एकमेकांना त्या दिवशी पहिल्यांदा सांगितले.

पुढच्या रविवारी आम्ही निपाणीला एकाच्या घरी जेवायला गेलो. त्याच्या आईने ऐन उमेदीची वर्षे तंबाखूच्या वखारीत काढली. आजही पहाटे त्यांचा खोकला घराला जागे करतो. लेकाने भीत भीत विषय काढला. त्या म्हणाल्या, "आमी पोटासाठी तंबाखू चाळली. तुमचं कुठलं पोट भरतंय रे त्या धुरानं?" आम्ही ताटातून मान वर केली नाही. पण निपाणीकरांचा संकोच तिथेच संपला. तंबाखू पिकवणाऱ्याचे आणि चाळणाऱ्याचे कष्ट खरे. पण ती ओढण्याने त्या कष्टांचा मान राखला जात नाही.

निपाणीचा विषय निघाला आहे तर ज्येष्ठांना आठवत असलेलीच एक गोष्ट सांगतो. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकरी भावासाठी रस्त्यावर बसले. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी बळी गेले. त्याच काळात वखारीतल्या आणि विड्या वळणाऱ्या बायकाही संघटित होत होत्या. प्रा. सुभाष जोशी यांच्यासारखी मंडळी त्यांच्या पाठीशी होती. 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ मध्ये या बायकांवर माहितीपटही काढला. आईंच्या तोंडून आम्ही त्या दिवसांबद्दल ऐकले. त्या म्हणाल्या, आधी प्रत्येकीला वाटायचे की मालकासमोर आपण एकटीच घाबरतो. एकत्र बसल्यावर कळले की सगळ्याच घाबरतात, आणि मग भीती कमी झाली. त्यांच्या लढ्यापुढे आमची सिगारेट म्हणजे काहीच नाही. पण एकत्र बसून आपली भीती बोलून दाखवायची, एवढे आम्ही त्यांच्याकडून घेतले.

मग आम्ही ठरवले. सण नको, शपथ नको. डिसेंबरातला एक साधा सोमवार धरला. नियम चारच केले.

पहिला, चहा सोडायचा नाही. अकरा आणि चारची भेट चालूच ठेवायची, फक्त टपरी बदलायची. दोन चौक पलीकडे एक चहावाला आहे, त्याच्याकडे सिगारेट मिळत नाही. जाऊन-येऊन दहा मिनिटे चालणे होते, तेही बरेच झाले.

दुसरा, तलफ आली की चौघांपैकी कोणालाही फोन करायचा. कारण सांगायचे नाही, समोरच्याने विचारायचे नाही. क्रिकेट, पाऊस, साहेब, काहीही बोलायचे. तलफ कितीही जोराची असली तरी बहुधा पाच-दहा मिनिटांत ओसरते, हे आम्ही घड्याळ लावून बघितले आहे.

तिसरा, चुकून ओढली तर त्याच दिवशी सांगायचे. ऐकणाऱ्याने हसायचे नाही, रागवायचे नाही.

चौथा, रोजचे वाचलेले पैसे डब्यात टाकायचे. दिवसाला साधारण शंभर रुपये एकेकाचे. वर्षाचे ३६,५०० होतात. इतक्या वर्षांत हा हिशेब आम्ही कधी मांडला नव्हता, आणि आमची तर नोकरीच हिशेबाची.

पहिला आठवडा वाईट गेला. झोप नाही, पोट साफ नाही, चिडचिड इतकी की घरचे म्हणाले, "ओढा बाबा एक, पण ओरडू नका." तिसऱ्या दिवशी सगळ्यांत जास्त त्रास झाला. डॉक्टरांनी आधीच सांगितले होते की निकोटिन बंद झाल्यावर असे होते, आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक त्रास कमी होतो. दोघांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनचा गम घेतला. तो च्युइंगमसारखा सारखा चघळायचा नसतो. थोडा चावून गालात ठेवायचा, पुन्हा थोडा चावायचा. हे माहीत नसल्याने पहिल्या दिवशी एकाला उचक्याच लागल्या! सरकारचा १८००-११-२३५६ हा मोफत फोन नंबर आहे, तिथे सिगारेट आणि तंबाखू सोडण्यासाठी मार्गदर्शन मिळते. ज्या पाकिटातून आम्ही सिगारेट काढत होतो, त्याच पाकिटावर तो छापलेला असतो. आम्ही तो कधी वाचला नव्हता.

आणि मग त्रेचाळिसावा दिवस. मामा संकेश्वरला एका लग्नाला गेले. जुने मित्र भेटले, जेवणानंतर कोणीतरी पाकीट पुढे केले. मामांनी एक ओढली. दुसऱ्या दिवशी दोन. मग दहा दिवस ते आमच्याबरोबर चहाला आले नाहीत. गाडी धुवायची आहे, साहेबांनी बोलावले आहे, अशी कारणे. आम्हाला वास आला होता, पण कोणी बोललो नाही. अकराव्या दिवशी आम्हीच चहा घेऊन गाडीपाशी गेलो. मामांच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाले, "छातीत स्प्रिंग घातली तरी अक्कल आली नाही बघा." आमच्यातल्या सगळ्यांत धाकट्याने त्यांचा हात धरला आणि म्हणाला, "मामा, त्रेचाळीस दिवस काढलेत की. ते कुठं गेले?" त्याच दिवसापासून मामांनी पुन्हा सुरुवात केली. आज ते या सभागृहात बसले आहेत. ही गोष्ट सांगा, म्हणून त्यांनीच आग्रह केला.

बंधू-भगिनींनो, हा फक्त आमचाच अनुभव नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावापासून सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १९७१ ते २००३ या काळात १२,०६७ लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. लोक बहुधा एकेकटे नव्हे, गटागटाने सिगारेट सोडतात, असे त्यात दिसले. नवरा-बायकोपैकी एकाने सोडली की दुसऱ्याने ओढण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी होते. मित्राने सोडली तर ३६ टक्क्यांनी, आणि लहान कचेरीतल्या सहकाऱ्याने सोडली तर ३४ टक्क्यांनी. आपल्याकडे पुण्याचे मुक्तांगण आहे. १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी मदत दिली. तिथेही व्यसनातून बाहेर आलेली माणसेच नव्याने आलेल्यांचा हात धरतात.

'आता या वयात सोडून काय उपयोग?' असे कोणाला वाटत असेल तर आणखी एक हिशेब सांगतो. ब्रिटनमध्ये सर रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी १९५१ पासून ५० वर्षे ३४ हजारांहून अधिक डॉक्टरांच्या सवयी आणि आयुष्य यांची नोंद ठेवली. आयुष्यभर ओढणाऱ्यांचे आयुष्य सरासरी १० वर्षांनी कमी भरले. पण चाळिशीत सोडणाऱ्यांना त्यातली सुमारे ९ वर्षे परत मिळाली, पन्नाशीत सोडणाऱ्यांना ६, आणि साठीत सोडणाऱ्यांना ३. निवृत्तीनंतरची ती ३ वर्षे नातवंडांबरोबरची असतात.

घरच्या मंडळींना एक विनंती. वहिनी, शर्टाचा वास घेऊ नका. आम्ही बडीशेप आणि लवंग चघळून घरी यायला शिकलो, ते त्या तपासणीमुळेच. त्यापेक्षा 'आज कसा गेला दिवस?' एवढे विचारा. माणूस खरे बोलायला लागला की निम्मे काम होते.

आणि मंडळाला एक विनंती. रात्रीच्या राखणीला चहा द्या, कांदाभजी द्या, पण मंडपामागची सिगारेट बंद करा. कर्नाटकात २०२५ पासून २१ वर्षांखालील मुलांना सिगारेट विकता येत नाही. पण मंडपामागे ती विकत घ्यावी लागत नाही, थोरलाच देतो. आम्हाला तशीच मिळाली होती. तेव्हा थोरल्यांनीच हात आवरायचा आहे.

आमच्या पाचांपैकी आज चौघे सिगारेटपासून दूर आहेत. पाचवा अजून दिवसाला दोन ओढतो. तो रोज अकरा आणि चारला आमच्याबरोबर चहाला येतो आणि किती ओढल्या ते खरे सांगतो. त्याला आम्ही सोडलेला नाही, आणि त्यानेही प्रयत्न सोडलेला नाही.

तुमच्यापैकी कोणी मनात ठरवून कचरत असेल तर एवढेच करा. उद्या एका माणसाला सांगा. जमेल की नाही हे नंतर बघू, आधी सांगा तर खरे. सांगायला कोणी नसेल तर कार्यक्रमानंतर आम्ही बाहेर चहाच्या टेबलापाशी उभे आहोत. या.

गणपती बाप्पा मोरया!