बाळाचे अंग आणि मोठ्यांचे हात



आमच्या महाड-पोलादपूरच्या डोंगराळ मुलखात भातलावणीच्या दिवसांत कुणाच्या पाठीत उसण भरली, की एक उपाय हमखास सांगितला जातो. “अरे, एखादा पायाळू बघ!” पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले असा माणूस. त्याने पाठीला पाय लावला की उसण पळते, अशी समजूत आहे. याशिवाय पंचक्रोशीत एखादा हाडवैद्य असतो. आणि ज्या घरी पाळणा हलतो, त्या घरी तेल लावायला येणारी आजीबाई तर असतेच असते. अंगाला हात लावून दुखणे घालवावे, ही माणसाची फार जुनी इच्छा आहे.

आता यात एका नव्या पाहुण्याची भर पडली आहे. गणपतीला, शिमग्याला मुंबईहून आलेला चाकरमानी खिशातला फोन काढतो आणि ओटीवर बसलेल्या मंडळींना चित्रफीत दाखवतो. कुणी एक उपचारक माणसाची मान धरून हिसका देतो, कट्‌कन आवाज होतो आणि रोगी हसत उठून बसतो! या विद्येचे नाव कायरोप्रॅक्टिक. मोठ्या माणसाने आपली मान कुणाच्या हाती द्यावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु अशा चित्रफितींत हल्ली तान्ही बाळेही दिसू लागली आहेत. बाळ फार रडते, दूध टाकते, रात्री झोपत नाही, म्हणून त्याच्या मणक्यांना झटके द्यायचे! हे पाहून आपल्याकडची एखादी आई विचारते, “आमच्या बाळाला असं काही करून घ्यावं का हो?” या प्रश्नाचे उत्तर आज शोधावयाचे आहे. मी डॉक्टर नव्हे, तर्कशास्त्राचा अध्यापक आहे. तेव्हा औषध सांगणे हे माझे काम नाही. एखादा दावा पारखावा कसा, एवढे मात्र मी सांगू शकेन.

प्रथम या विद्येचा जन्म पाहू. अमेरिकेत आयोवा नावाचे राज्य आहे. तेथील डॅव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ चुंबकशक्तीने रोग बरे करण्याचा व्यवसाय करीत. १८९५ साली त्यांनी हार्वे लिलर्ड नावाच्या, कानाने ऐकू न येणाऱ्या माणसाच्या पाठीचा एक मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागले, असे जाहीर केले. एवढ्यावरून त्यांनी सिद्धान्त बांधला, की बहुतेक सारे रोग मणके जागचे सरकल्याने होतात. गंमत अशी, की ऐकण्याची नस कवटीच्या आतूनच मेंदूकडे जाते. पाठीच्या मणक्यांशी तिचा संबंध येत नाही. आणि तो कट्‌ आवाज? हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नव्हे. सांध्यात वंगणासारखा एक द्रव असतो. सांधा ताणला की त्यात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. आपण बोटे मोडतो तेव्हा जे होते, तेच हे.

मोठ्या माणसाच्या कंबरदुखीला अशा उपचाराने काही वेळा आराम पडतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु बाळाचे रडणे, दमा, कान फुटणे यांवर तो चालतो, याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. सायमन सिंग हे ब्रिटनमधले विज्ञानलेखक. त्यांचे आईवडील मूळचे पंजाबचे. त्यांनी २००८ साली एका वर्तमानपत्रात हेच लिहिले, तेव्हा तेथील कायरोप्रॅक्टरांच्या संघटनेने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. दोन वर्षे तो चालला आणि २०१० साली संघटनेलाच तो मागे घ्यावा लागला. पुढे ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने तज्ज्ञांकडून सगळा पुरावा तपासून घेतला. २०१९ साली निष्कर्ष आला, की मुलांना या उपचाराने मोठी इजा झाल्याची उदाहरणे थोडी आहेत. पण फायदा होतो असे म्हणायलाही बळकट आधार नाही. म्हणून बारा वर्षांखालील मुलांच्या मणक्यांना झटके देऊ नयेत, अशी शिफारस तज्ज्ञांनी केली.

येथे कुणी म्हणेल, “पण आमच्या शेजारणीच्या बाळाला गुण आला ना!” आला असेल. महाडकरांना पूर काही नवा नाही. सावित्रीला पूर येतो, बाजारपेठेत पाणी शिरते; आणि खाली बाणकोटच्या खाडीला ओहोटी लागली, वरचा पाऊस ओसरला, की पाणी उतरू लागते. नेमके त्याच सुमारास कुणी पाण्यात नारळ सोडला, तर पूर नारळाने उतरला असे म्हणावे काय? तान्ह्या बाळाचे रडणेही असेच चढते आणि उतरते. साधारण सहाव्या आठवड्याला ते सर्वांत जास्त असते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप कमी होते. आईबाप उपाय शोधायला केव्हा निघतात? रडणे शिगेला पोचते तेव्हा. मग ज्याने शेवटी हात लावला, त्याच्या पदरी यश पडते.

मग खरा गुण आणि योगायोग यांतला फरक ओळखावा कसा? याचे उत्तर शोधायला परदेशी जावयास नको. १९७० नंतरच्या काळात डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या महाड तालुक्यात बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात काम करीत होते. विंचू चावला की लोक मांत्रिकाकडे धावत, आणि उतारा पडला तर मंत्राचा जय होई. डॉ. बावस्करांनी मंत्राला शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी रोग्याच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांची नोंद ठेवली. विष हृदयावर घाला घालते हे ओळखून, रक्तदाबावरचे प्रॅझोसिन हे औषध वापरून पाहिले, आणि किती जगले, किती दगावले, ते मोजले. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी शंभरात तीस-चाळीस दगावत. ते प्रमाण अगदी थोड्यावर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पारख म्हणतात ती ही. एकाला गुण आला ही गोष्ट झाली. शंभर मोजले म्हणजे ज्ञान झाले.

याच काट्यावर आता आपली मालिश चढवून पाहू. आणि आनंदाची गोष्ट अशी, की ती बऱ्याच अंशी उतरते. फ्रेंच डॉक्टर फ्रेडरिक लेबोये यांनी कोलकात्यात शांताला नावाच्या एका गरीब आईला आपल्या बाळाला तेल लावताना पाहिले आणि १९७६ साली तिच्याच नावाचे पुस्तक लिहून ही रीत युरोपला दाखवली. १९८६ साली अमेरिकेत टिफनी फील्ड यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना रोज तीन वेळा पंधरा-पंधरा मिनिटे हळुवार मालिश करविली. दूध सगळ्यांना सारखेच. पण मालिश झालेल्या बाळांचे वजन रोज सरासरीने ४७ टक्के अधिक वाढले. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात खोबरेल, खनिज तेल आणि नुसती पावडर अशी तुलना करण्यात आली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना खोबरेलाने अधिक फायदा झाल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. आमच्या कोकणातल्या आजीबाईंना हे आधीच ठाऊक होते, म्हणा ना!

परंतु आजीबाईंचे सगळेच बरोबर, असेही नाही. मालिशीचा पुरता लाभ हवा असेल, तर काही गोष्टी सांभाळाव्यात आणि काही सोडून द्याव्यात.

सांभाळावयाच्या गोष्टी अशा. तेल लावणाऱ्या बाईने बांगड्या-अंगठ्या काढाव्यात, नखे कापलेली असावीत, हात साबणाने धुवावेत. खोली उबदार असावी. बाळ जागे असावे. नुकतेच दूध प्यालेले नसावे आणि भुकेलेलेही नसावे. स्वच्छ खोबरेल तळहातावर घेऊन कोमट करावे. पायांपासून आरंभ करावा. मग हात, छाती, पाठ. पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हात फिरवावा. दाब किती? कातडी लाल होऊ नये आणि बाळाने तोंड वेडेवाकडे करू नये, एवढाच. दहा-पंधरा मिनिटे पुरेत. बाळाशी बोलत राहावे. तो आवाजही मालिशीचाच भाग आहे. बाळ रडू लागले तर थांबावे. ताप असेल, अंगावर फोड असतील, तर त्या दिवशी मालिश नको. लस टोचलेली जागा चोळू नये. कमी वजनाच्या बाळाला मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून चोळू नये. त्याला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवावे. ती ऊब त्याचे पहिले औषध.

आता सोडावयाच्या गोष्टी. नाकात, कानात तेल घालू नये. नाकातले तेल फुप्फुसात उतरले तर न्यूमोनिया होतो. नवजात बाळाची छाती कधी कधी फुगलेली असते. ती आईच्या शरीरातून आलेल्या रसांमुळे. ती आपोआप बसते. पिळून चीक काढला तर तेथे पू होतो. टाळूवर तेलाचे बोट हलकेच फिरवावे, पण ती “भरण्याची” घाई करू नये. साधारण दीड वर्षाच्या सुमारास ती आपली आपण भरते. नाक ओढल्याने सरळ होत नाही, डोके दाबल्याने गोल होत नाही. बाळाचे दोन्ही पाय सरळ ताणून दुपट्यात करकचून बांधू नयेत. त्याने खुब्याचा सांधा निखळण्याचा धोका वाढतो. कोंदट खोलीत धुरी नको. आणि बाळाला पायांना धरून उलटे लोंबकळवणे तर मुळीच नको. त्याचे डोके शरीराच्या मानाने मोठे व जड असते, मानेचे स्नायू कोवळे असतात. कायरोप्रॅक्टरने झटका दिला काय अन् घरच्याने दिला काय, बाळाची मान एकच.

आता या भाषणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगतो. मालिश म्हणजे बाळाची रोजची तपासणी आहे. डॉक्टर बाळाला चार मिनिटे पाहतात. तेल लावणारी बाई त्याला रोज, उघड्या अंगाने, पायांवर घेऊन पाहते. एक हात कमी हलतो काय? मान नेहमी एकाच बाजूला वळते काय? मांडी फाकवताना एक बाजू अडते काय? अंग लाकडासारखे ताठ, किंवा फडक्यासारखे लुळे लागते काय? तळहात-तळपाय पिवळे दिसतात काय? पाऊल आत वळलेले आहे काय? यांतले काही दिसले, तर तिने आईला सांगावे आणि आईने आशाताईंना. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्या ४२ दिवसांत त्या अनेकदा घरी येतातच.

वळलेल्या पावलाचेच उदाहरण घ्या. साधारण हजारात एका बाळाला हा दोष असतो. “चोळून चोळून सरळ होईल” म्हणत घरची मंडळी दिवस घालवतात. वाडी उंच डोंगरावर, पावसाळ्यात वाट निसरडी, घरधनी मुंबईला. अडचणी खऱ्याच आहेत. पण हे पाऊल नुसत्या तेलाने सरळ होत नाही आणि झटक्यानेही होत नाही. यावर उपाय शोधला तो इग्नासिओ पोन्सेती या स्पॅनिश डॉक्टरांनी, आणि तोही आयोवा राज्यातच! पामर यांनी एका रोग्यावरून सिद्धान्त बांधला. पोन्सेतींनी आपली बाळे वर्षानुवर्षे तपासली. त्यांच्या पद्धतीत दर आठवड्याला पाऊल हळूहळू वळवून प्लॅस्टर घालतात. सहसा पाच-सहा प्लॅस्टरे लागतात. बहुतेकांच्या टाचेमागची शीर एका लहानशा छेदाने सैल करतात, आणि पुढे चार वर्षांपर्यंत झोपताना विशेष बूट घालतात. मोठी शस्त्रक्रिया सहसा टळते. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत आरंभ केला तर काम सोपे होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, त्यात या दोषाच्या तपासणीची आणि मोफत उपचाराची सोय आहे. पाऊल वाचले तर ते मूल आपल्या पायांनी घाट चढून शाळेत येईल. नाहीतर आयुष्यभर लंगडेल, आणि लोक म्हणतील, नशीब!

शाळा म्हटली की शिक्षकबंधूंना व भगिनींना दोन शब्द. याच कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा तुमच्या शाळेत येते. ते येण्याआधीच तुम्ही यादी करून ठेवा. कोण लंगडतो, कुणाचा एक खांदा वर आहे, वाकून पायाचे अंगठे धरताना कुणाच्या पाठीची एक बाजू उंच दिसते. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा अधिक नसावे. आणि एखादे मूल आठवडेच्या आठवडे पाठ दुखते म्हणत असेल, त्याला बारीक ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर त्याला पायाळूकडे नको, हाडवैद्याकडे नको, चित्रफितीतल्या साहेबाकडे तर नकोच नको. मणक्याचा क्षय आपल्या देशात अजून आहे. किडलेल्या मणक्याला झटका बसला तर दोन्ही पाय जाऊ शकतात. तोच क्षय वेळेवर ओळखला, तर गोळ्यांनी बरा होतो.

तेव्हा त्या आईला माझे उत्तर असे: बाई, तुझ्या बाळाच्या मणक्यांना कुणाचाही झटका नको. तू स्वतः तेल लाव, आजीला शेजारी बसव, बाळाच्या बापालाही शिकव. बाळाला हातांची गरज आहे, जोराची नाही. हात हळू असू द्या आणि डोळे उघडे असू द्या. आणि डोळ्यांना काही वावगे दिसले, तर पाऊस उघडण्याची वाट पाहू नका.