मागितलेली किंमत आणि दस्तातली किंमत



आपल्या खामगावची मुलं पुण्यात नोकरीला लागली की वर्ष-दोन वर्षांत घराचा विषय निघतोच. पूर्वी वडीलमंडळी शेगावहून महाराष्ट्र एक्सप्रेस पकडायची, नातेवाइकांकडे उतरायची आणि उन्हातान्हात इमारती पालथ्या घालायची. आता शोध इथूनच मोबाइलवर सुरू होतो. मग प्रश्न येतो, कोणती साइट चांगली? ते आपल्याला काय हवंय त्यावर आहे.

भाड्याचं घर हवं असेल तर नोब्रोकर बघा. २०१४ साली बंगळुरूत निघालेली ही साइट घरमालकाशी थेट गाठ घालून देते. जुना फ्लॅट विकत घ्यायचा असेल तर नाइन्टीनाइन एकर्स, मॅजिकब्रिक्स. इथे दलालांच्या जाहिराती भरपूर. एकच फ्लॅट दोघा-तिघांनी वेगवेगळ्या किमतीला टाकलेला दिसला, तर घाबरू नका. घासाघिशीला किती वाव आहे, ते त्यातूनच कळतं.

पण या साऱ्या साइटवर दिसते ती मागितलेली किंमत. घर खरोखर कितीला विकलं गेलं, हे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर बघायचं. जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक टाकला की सूची क्रमांक दोन उघडते. तिच्यात ‘मोबदला’ म्हणून एक रकाना असतो, त्याखाली ‘बाजारभाव’, मग क्षेत्रफळ, देणारा, घेणारा, दस्ताची तारीख. कागदावर रक्कम कधी कमीही दाखवलेली असते; म्हणून एका नोंदीवर जाऊ नका, त्याच इमारतीतल्या तीन-चार काढा. आयुष्यभराची पुंजी घालणाऱ्या माणसाने एवढी एक संध्याकाळ द्यायलाच हवी, असं मला कळकळीने वाटतं.

नव्या इमारतीसाठी महारेरा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची साइट. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो स्कॅन करा आणि ताबा कधी देणार होते, मुदत वाढवून घेतली का, हे वाचा. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

आता आपल्या गावाचं. इथे माणूस फ्लॅटपेक्षा प्लॉट शोधतो, आणि तो बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेल्या ले-आउटच्या रंगीत नकाशात शोधतो. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विक्रीला काढले, तर तो प्रकल्पसुद्धा रेराखाली येतो. अकृषक आदेश आणि मंजूर नकाशा मागा. महाभूलेखवर सातबारा स्वतः काढा. त्यावर चार भावांची नावं सामाईक असतील आणि विकायला एकच भाऊ आला असेल, तर इसार देऊ नका.

जुन्या वस्तीतलं घर असेल तर आखीव पत्रिकेत धारणाधिकार बघा. विदर्भातल्या शहरांत नझूलच्या जागा पुष्कळ. जमीन सरकारची, आपल्याकडे फक्त पट्टा. त्याची मुदत कधी संपते, नूतनीकरण झालं का, हस्तांतराला परवानगी लागते का, हे कोणतीच जाहिरात सांगत नाही.

आणि बिल्डरची जाहिरात आवडली की तिचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी जपून ठेवा. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले असतील, तर रेरा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे ते व्याजासह परत मागता येतात. तिथे पुरावा म्हणून तीच जाहिरात लागते.