दुर्गेने आगगाडी पाहिली का?

कादंबरीवर चित्रपट निघाला की एक तक्रार हमखास कानावर येते : ‘मूळ पुस्तकातलं पार बदलून टाकलं!’ आम्ही मास्तर मंडळी तर ही तक्रार जरा जास्तच करतो. पण नुसता बदल झाला म्हणून दोष देऊ नये. बदलात गेलं काय आणि आलं काय, ते पाहावं. आज त्यासाठी बंगालमधलं एकच उदाहरण घेऊ.

विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ‘पथेर पांचाली’ ही कादंबरी १९२९ साली पुस्तकरूपाने निघाली. सत्यजित राय यांनी तिच्यावर केलेला चित्रपट १९५५ साली आला. खेड्यातल्या एका गरीब भिक्षुकाची दोन मुलं, थोरली दुर्गा आणि धाकटा अपू. दोघांनाही आगगाडी पाहायची भारी हौस.

कादंबरीत ही भावंडं रुळांच्या शोधात रानोमाळ हिंडतात आणि गाडी न पाहताच घरी परततात. पुढे दुर्गा तापाने अंथरूण धरते. बरी झाले की गाडी दाखवशील ना, असं ती भावाला विचारते. पण ती बरी होत नाही. गाव सोडताना अपू गाडीत बसतो, तेव्हा त्याला बहीण आठवते. न पुरलेली ती हौस वाचकाच्या मनात सलत राहते.

चित्रपटात पांढऱ्या तुऱ्यांच्या उंच गवतातून दोघं धावतात आणि काळा धूर सोडीत गाडी खरोखरच येते. अपू रुळांपाशी पोचतो. दुर्गा वाटेत पडते, मागे राहते. घरी परतताना बांबूच्या बनात बसलेली म्हातारी आत्या इंदिर त्यांना दिसते. दुर्गा तिला हलवते, तो ती मेलेली! कादंबरीतली इंदिर अपू तान्हा असतानाच वारलेली असते. रायांनी तिचं आयुष्य वाढवलं, आणि मुलांचा मोठा आनंद व मृत्यूची पहिली ओळख एकाच दिवसात आणून बसवली.

असं का करावं लागलं? लेखकाने ‘गवत’ लिहिलं की गवत उभं राहतं. कॅमेऱ्यापुढे ते खरंच असावं लागतं. १९५२ साली हे चित्रण अर्धं झालं. पुढच्या रविवारी मंडळी येऊन पाहतात, तो गुरांनी सारे तुरे फस्त केलेले! दुसऱ्या वर्षी पुन्हा तुरे फुटेपर्यंत थांबावं लागलं. मनातली हुरहूर लेखक शब्दांत सांगतो. दिग्दर्शकाला तिच्यासाठी डोळ्यांना दिसेल अशी घटना शोधावी लागते.

शिक्षकबंधूंना एक विनंती. चित्रपट दाखवला म्हणजे पुस्तक झालं, असं समजू नका. अनुवाद मिळवून आगगाडीचा भाग वर्गात मोठ्याने वाचा, मग चित्रपट दाखवा आणि मुलांना एवढंच विचारा : दुर्गेने आगगाडी पाहिली का? उत्तरावरून वर्गात भांडण जुंपलं, तर खुशाल जुंपू द्या. त्या भांडणातच मुलं वाचायला शिकतील आणि पाहायलाही.