घड्यांचे खडक आणि थरांचे सोलापूर



विहीर खणावयाची झाली म्हणजे शेतकऱ्याचे लक्ष प्रथम जमिनीच्या पृष्ठभागाकडे जाते. वस्तुतः विहिरीचे भवितव्य ठरते ते खालच्या खडकाच्या पूर्वेतिहासावर.

नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील सौसर समूहाचे खडक हे याचे ठळक उदाहरण होय. भूगर्भातील प्रचंड दाबाने हे थर एकदा वळले, आणि कालांतराने निराळ्या दिशेने दाब येताच पुन्हा वळले. कागदाला उभी घडी घालून मग आडवी घालावी, तसा हा प्रकार. त्यामुळे मँगनीजचा थर एके ठिकाणी लुप्त होतो व अन्यत्र पुन्हा वर येतो. घडीच्या वळणापाशी तो जाड, तर बाजूंना पातळ आढळतो. घड्यांचा क्रम उमगल्याखेरीज तेथे खाणकाम यशस्वी होत नाही.

सोलापूरची भूमी याहून भिन्न आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे पूर एकामागून एक आले व थंड होऊन जवळजवळ आडवे थर बनले. येथे घड्या नाहीत. पुनरावृत्ती आहे ती थरांची. किल्लारी येथे १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या खोल छिद्रात अशा थरांची जाडी सुमारे ३३८ मीटर भरली; त्याखाली अतिप्राचीन ग्रॅनाइट व पट्टिताश्म आढळले.

प्रत्येक थराचा माथा बहुधा सच्छिद्र असतो, तर खालचा भाग घट्ट काळा पाषाण असतो. दोन थरांमध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा आढळतो; तो पाण्याला सहसा वाट देत नाही. पाणी साठते ते मुरमात, कुजलेल्या खडकात आणि भेगांत. सच्छिद्र भागातील पोकळ्याही पुष्कळदा खनिजांनी भरलेल्या असतात. म्हणूनच एका बांधावरील विहीर तुडुंब, तर शेजारची कोरडी, असे दृश्य दिसते.

यावरून बोध स्पष्ट आहे. भेगा नसलेल्या पाषाणात कूपनलिका कितीही खोल नेली, तरी पाणी लागेलच असे नाही; कर्जाचा बोजा मात्र निश्चित वाढतो. पाझर तलावही खाली मुरूम वा भेगाळ खडक असेल तेथेच फलदायी ठरतो. यास्तव कूपनलिकेपूर्वी परिसरातील विहिरींचे थर पाहावेत, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला घ्यावा, आणि उपशाइतकेच पुनर्भरणाकडे लक्ष द्यावे. अवर्षणप्रवण सोलापूर जिल्ह्यात खडकाची ओळख ही पाण्याच्या नियोजनाची पहिली पायरी आहे.