मुक्या जनावरांचे डॉक्टर आणि आपण

(मंडळाच्या वर्धापनदिनी बार्शीटाकळी येथे केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. भाषण करण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. "तुम्हांला जे माहीत आहे त्यावरच बोला," असे चिटणीसबाई म्हणाल्या, म्हणून उभी राहिले. मला गोठा माहीत आहे, तेव्हा गोठ्याचेच बोलते.

२०२२ सालचा पोळा आपण कोणी विसरलेल्या नाही. अंगावर गाठी आणणारा लम्पी रोग त्या पावसाळ्यात आपल्या अकोला जिल्ह्यात शिरला होता. १९२९ साली आफ्रिकेतील झांबियात प्रथम दिसलेला हा रोग २०१९ साली ओडिशात आला आणि तीन वर्षांत आपल्या दाराशी पोचला. माशा, डास, गोचीड तो पसरवतात. माणसाला तो होत नाही. पण गाईबैलांना ताप भरतो, पाय सुजतात, चारा सुटतो.

आमच्याकडे तेव्हा सर्जा-राजाची जोडी आणि चांदी नावाची गाय होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-लोणी घेऊन मी खांद शेकायला गेले, तो सर्जाचे अंग कढत लागले. सकाळची ढेप त्याने तशीच ठेवली होती. दुपारी बसला, पण रवंथ केले नाही. हे सारे मला दिसले, आणि मी बोलले नाही. घरात पुरणाचा घाट, पाहुणे यायचे. शिवाय डॉक्टरांना बोलावणे हे पुरुषांचे काम, अशी माझी समजूत. तिसऱ्या दिवशी गाठी उठल्या, तेव्हा यजमानांनी डॉक्टरांना फोन केला.

डॉक्टरांनी यजमानांना विचारले, "चारा केव्हापासून सोडला? रवंथ केव्हा थांबले? शेण कसे टाकतो?" यजमान दिवसभर शेतात; त्यांना नेमके सांगता येईना. मी दाराआड उभी. सुई पाहताच सर्जा दावे तोडू लागला. डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवली व विचारले, "याला वैरण कोण घालते?" यजमानांनी माझ्याकडे बोट दाखविले.

"मग ताई, तुम्ही पुढे या. त्याच्या मानेजवळ उभ्या राहा, मागे जाऊ नका."

मी त्याच्या गळ्याच्या पोळीवरून हात फिरविला, नाव घेतले. सुई टोचली तरी तो हलला नाही. मग तेच प्रश्न डॉक्टरांनी मला विचारले. मी आदल्या दिवसापासूनचे सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "ताई, जनावर मला काही सांगत नाही. तुम्ही सांगता त्यावरच माझे निम्मे काम चालते. पुढच्या वेळी थांबू नका."

हा रोग विषाणूचा. त्यावर थेट औषध नाही. ताप उतरविणे, जखमा धुणे, माशा आवरणे आणि आजारी जनावर वेगळे बांधणे, एवढेच हाती. नवव्या दिवशी सर्जा गेला. वेळेवर बोलले असते तर तो वाचला असता की नाही, कोण सांगणार? पण मी बोलले नाही, हे माझ्या मनातून जात नाही. खोल खड्डा खणून, चुना टाकून त्याला पुरले. मी हळदकुंकू वाहीपर्यंत डॉक्टर उन्हात उभे होते. "आटपा" म्हणाले नाहीत. सरकारने मेलेल्या बैलामागे २५ हजार रुपये मदत ठेवली होती. नवा बैल आला. पण राजा कितीतरी दिवस डवऱ्याला जुंपताना सर्जाची बाजू सोडून उभा राही.

त्याच महिन्यात चांदीला ताप आला. त्या वेळी मी तासभरही थांबले नाही. तिला गाठी आल्या, दूध आटले, पण ती तगली.

भगिनींनो, परके माणूस धारेला बसले की गाय पान्हा चोरते, हे आपण जाणतो. भ्यालेल्या जनावराचा श्वास आणि नाडीही वाढते; मग आजार कोणता आणि भीती कोणती, हे डॉक्टरांना ओळखणे अवघड होते. म्हणून ओळखीचा हात जवळ असणे हा उपचाराचाच भाग आहे. डॉक्टरांपाशी विद्या आहे, आपल्यापाशी रोजची ओळख आहे. दोन्ही एकत्र आली तर जनावराचे बरे होते.

तेव्हा रोज सकाळी एवढे पाहावे: नाकाड ओले आहे का, रवंथ चालू आहे का, शेण नेहमीसारखे आहे का, डावी कूस फुगली तर नाही ना, दूध एकाएकी उतरले का. गाईचा ताप साधारण १०१ ते १०२ अंश असतो. त्याहून बराच वाढला तर बोलवावे. लस चुकवू नये. १९६२ हा फोनचा आकडा गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवावा. आणि डॉक्टर आले की दाराआड उभे राहू नये.