आतड्याचा दाह आणि चित्रांची साक्ष



मी डॉक्टर नाही, कामगार संघटनेचा कार्यकर्ता आहे. जे सांगणार आहे ते जाणत्यांना विचारून आणि पुस्तके चाळून मिळवलेले आहे. एका पाळीत पाच-सहा वेळा शौचास जाणारा तरुण कामगार मुकादमाच्या लेखी कामचुकार ठरतो. अंगावर जखम दिसत नाही. मग त्याचे दुखणे मोजायचे कशाने?

आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याच्या अस्तराचा रोग. क्रोनचा रोग तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो आणि आतड्याच्या भिंतीचे सगळे थर पोखरू शकतो. न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग व ओपनहायमर या डॉक्टरांनी १९३२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

नुसत्या तक्रारीवरून तीव्रता ठरवू गेले, तर फसगत होते. कुणाला वेदना थोड्या आणि आत व्रण फार. कुणाचे नेमके उलटे. दुर्बिणीने अस्तर दिसते, तपासणीला तुकडाही काढता येतो. पण भिंतीच्या आत आणि पलीकडे काय चालले आहे ते तिला दिसत नाही. तेथे चित्रांची साक्ष काढावी लागते.

सोनोग्राफीत निरोगी आतड्याची भिंत साधारण ३ मिलिमीटरपर्यंत जाड दिसते. ती त्याहून जाड झाली आणि डॉप्लरने तिच्यातला रक्तप्रवाह वाढलेला दिसला, की दाह जागा असल्याची दाट शंका येते. यात क्ष-किरण नसतात, म्हणून औषध लागू पडते की नाही हे पुनःपुन्हा पाहता येते. एम.आर.आय.मध्येही क्ष-किरण नाहीत. त्यात लहान आतड्यातील अरुंद जागा, गळू, नासूर चांगले दिसतात. सी.टी. झटपट होते, तातडीच्या वेळी मोलाचे ठरते; पण त्यात किरणांचा मारा असल्याने तरुण रोग्याला ते वरचेवर नको. आणि साधा क्ष-किरण फोटोही कमी लेखू नका. कोलायटिसचा रोगी अत्यवस्थ असता मोठे आतडे ६ सेंटिमीटरहून अधिक फुगलेले दिसले, तर जिवावरचे संकट जवळ आहे असे समजावे.

तरीही चित्र हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. आपल्या देशात आतड्याचा क्षयही आढळतो आणि चित्रात तो क्रोनसारखाच दिसू शकतो. क्षयाच्या रोग्याला चुकून दाह दाबणारी स्टिरॉइडे दिली, तर क्षय बळावतो. म्हणून चित्र, दुर्बीण, रक्ताची व शौचाची तपासणी आणि रोग्याचे स्वतःचे सांगणे, या सर्वांचा मेळ घालूनच निर्णय व्हावा.

माझी मागणी दोन्ही बाजूंना आहे. रोग्याने प्रत्येक फोटो व अहवाल जपून ठेवावा, म्हणजे मागच्याशी ताडून पाहता येईल. आणि मालकाने, मुकादमाने, घरच्यांनीसुद्धा, माणूस वरून धडधाकट दिसतो एवढ्यावरून त्याला खोटा ठरवू नये. पोटातली आग चेहऱ्यावर दिसत नाही. ती पाहण्याची साधने आज आहेत, ती गरिबाच्या आवाक्यात आणणे हे आपणा सर्वांचे काम आहे.